आतला खिसा

मनामातल्या चर्चच्या मागे पत्र्याची शेड.
शुक्रवार, दुपारी दोन ते पाच.
आठ मशिनी, त्यातल्या दोन बिघडलेल्या,
आणि एसी असा घरघरतो
की पाळकांची प्रार्थना ओठांवरून ओळखायची.

मी नगरची. आयटीआयतून निवृत्त, शिवण-निदेशिका.
महिला मंडळाने तिकिटासाठी वर्गणी काढली,
निघताना सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले.
रत्नप्रभाबाई शिरसाठ म्हणाल्या,
“सेवा कर. आणि येताना खजूर आण.”

बॅगेत तीस वर्षांचा अभ्यासक्रम:
आधी धावदोरा, हेम, उलटी टीप,
मग परकर, मग झबलं.
खिसा नवव्या आठवड्यात.
खिसा अवघड. त्याचं तोंड सरळ बसत नाही.

पहिल्याच शुक्रवारी तिगिस्ट म्हणाली,
“टीचर, पॉकेट.”
मी म्हटलं, शुवै शुवै. इथलं तेवढं शिकले होते.
तर मागून कडप्प्याची ओबुलम्मा उठली,
परकराच्या नेफ्याखाली बोट ठेवून म्हणाली,
“बाहेर नको. इथे. आत.”

मला आई आठवली, आठवडी बाजारातून येणारी,
कनवटीला नाणी,
आणि दारातच बाप: किती उरले?
अभ्यासक्रम मी घडी करून ठेवून दिला.

कुणाला सिमकार्डापुरता हवा होता,
कुणाला चौघडी नोटेपुरता.
तिगिस्टने तिसऱ्या शुक्रवारी हात पुढे केला.
“टीचर, तुझा पासपोर्ट दे.”
“कशाला?”
“माप.”

तिचा मदामच्या कपाटात आहे, चार वर्षं झाली.
विमानतळावर हातात होता, थोडाच वेळ.
रंग आठवतो, म्हणाली,
लांबीरुंदी नाही.

माझा हात पर्सवर गेला
आणि चेनपाशी थांबला.
किती वेळ? पाय काढल्यावर
मशीनचं चाक फिरत राहतं, तेवढा.
जन्मभर कात्र्या वाटल्या मी, बॉबिनी, टेपा,
परत आल्या की नाही मोजलं नाही कधी.
तिने पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.
किल्ली कुठे ठेवली जाते
हे बघत राहायची सवय असते या बायकांना.

मग दिला.

तिने तो उघडला नाही.
कापडावर पालथा ठेवला,
खडूने चारी बाजूंनी रेघ ओढली,
शिलाईला अर्धा इंच जास्त धरला, मी शिकवला तसा,
आणि दोन्ही हातांनी परत केला.
निळ्या पाठीला पांढरी कड लागली होती.

टीप सरळ आली. तोंडसुद्धा.
खिसा तिने त्याच दिवशी अंगात घालून नेला,
रिकामा.

शेवटी प्रमाणपत्रं.
पाळकबाई म्हणाल्या, नाव पासपोर्टवर असेल तसंच लिहा.
तिगिस्ट हसत सुटली.
“एजंटने त्यात काय लिहिलंय कुणास ठाऊक.
आई हाक मारते ते लिही.”
मला तिची लिपी येत नाही. मी देवनागरीत लिहिलं.
तिने कागद उभा धरला, आडवा धरला,
एका वेलांटीवर नख फिरवलं,
विचारलं, “हा टाका कुठला?”

नगरला रविवारी उपासनेनंतर
मला साक्ष द्यायला उभं केलं.
अकरा जणी शिकल्या, मी म्हटलं,
गर्मी सांगितली, एसी सांगितला,
दोन बिघडलेल्या मशिनींपैकी एक
ओबुलम्माने केसांच्या पिनेने दुरुस्त केली, तेही सांगितलं.
लोक आमेन म्हणाले.
रत्नप्रभाबाई खजुराची बी तोंडात घोळवत होत्या.

सगळं सांगितलं.
चेनपाशी थांबलेला हात
तेवढा सांगितला नाही.