सहावी ब, दाराबाहेर

पहिल्या दिवशी तिनं बूट दाराबाहेर काढले.
नवेकोरे, काळे, तळाला किमतीचा कागद,
एकमेकांना खेटून, टोकं भिंतीकडे.
कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
छत्तीस पोरं बूट घालून बसलेल्या वर्गात
ती मोज्यांवर आली,
नसलेल्या उंबऱ्याला हात लावून.

हसू मागच्या बाकावरून आलं.
मी म्हणाले, "सायलेन्स."
दुसरं काही सुचलं नाही. बारा वर्षं शिकवतेय.

कस्तुरी शेलार. पाटण तालुक्यातून.
हजेरीला नाव घेतलं तशी ताडकन उठली,
"हजर, बाई!"
तो आवाज डोंगरातल्या शाळेचा होता,
जिथं एका खोलीत चार इयत्ता बसतात
आणि खिडकीतून कुणी म्हशी हाकलल्याचं ऐकू येतं.
इथं हजेरी ओठांतल्या ओठांत देतात.
पुढचे आठ दिवस ती नुसते ओठ हलवत राहिली,
मी तिच्या नावापुढे अंदाजानं 'पी' लिहीत गेले.

मधल्या सुट्टीत तिचा डबा जिन्याखाली.
एकदा मी शेजारी जाऊन बसले. चुकलंच.
बाई आल्या की उठून उभं राहायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक.
हातात नाचणीची भाकरी, ती उभी,
आणि मी पायरीवर साडी सावरत, "ईट, ईट."
मग मराठीत.
मग गप्प.

मदत केली ती सेल्वननं.
दोन वर्षांपूर्वी तोही असाच आला होता, मदुराईहून,
दिवाळीपर्यंत फक्त मान हलवायचा.
त्यानं तिला सांगितलं म्हणे, इथं करंगळी चालत नाही,
वाक्य लागतं.
पट्टीच्या मागं पेन्सिलीनं लिहूनही दिलं,
त्याच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत:
मेआयगो.
एकच शब्द, एखाद्या गावाच्या नावासारखा.

ऑक्टोबरच्या चाचणीत गाळलेल्या जागा भरा.
माय फादर इज अ —
कंसात डॉक्टर, पायलट, इंजिनिअर.
तिनं कंस सोडून दिला.
इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर दाबून,
लिहिलं: माथाडी.
शेवटी शेवटी कागद फाटायला आलेला.

लाल पेन घेऊन मी शब्द शोधत बसले.
पोर्टर, लोडर, कुली.
एकातही माथा नव्हता.
तुर्भ्याच्या बाजारात कांद्याची गोण
ज्या हाडावर तोलली जाते ते हाड
शब्दकोशात सापडेना.
बरोबरची खूण केली.
सुपरवायझर मॅडमनी पेपर परत पाठवला,
खूण तशीच ठेवून, शेजारी एक प्रश्नचिन्ह.
ते अजून तिथंच आहे.

डिसेंबरात कधीतरी बूट आत आले.
कुठल्या दिवशी, मला कळलंच नाही.
हजेरीला आता "प्रेझेंट, मिस",
पातळ, सगळ्यांसारखं.
स्टाफरूममध्ये म्हणतात, रुळली हं पोरगी.
मीही म्हणते, रुळली.
दाराशी पोचल्यावर नजर मात्र अजून खाली जाते,
भिंतीलगत, रिकाम्या फरशीवर.

काल सकाळी सेल्वनचं नाव घेतलं
आणि तो ओरडला, "हजर, बाई!"
वर्ग हसला.
थट्टा होती की आणखी काही,
म्हणून मी कस्तुरीकडे पाहिलं.
ती बाकाखाली वाकून
बांधलेलीच नाडी
पुन्हा बांधत होती.