हवापालट

इचलकरंजीत आमच्या घराला झोप लागायची
ती मागांच्या आवाजात.
खडखड थांबली की पाळण्यातलं पोरगं उठायचं,
आणि गल्लीत कुणीतरी म्हणायचं, लाईट गेली.

डॉक्टरनं ह्यांच्या छातीचा फोटो उजेडाला धरला,
म्हणाला, कापूस बसलाय आत. हवा बदला.
हवा बदलायला माणसं चार दिवस जातात,
आम्ही गॅसची शेगडी घेऊन निघालो.

वाघबिळाच्या चढाला टेम्पो तापला.
ड्रायव्हर बोनेट उघडून विडी ओढत उभा,
आणि मी मांडीवर देव्हारा धरून
खालचे दिवे मोजत बसलेली.
त्यात आपलं गाव दिसतंय का बघितलं.
नाही दिसलं.

पन्हाळ्यावर एका बंद बंगल्याची राखण.
मालक पुण्यात. पुढच्या चार खोल्यांना कुलूप,
मागची एक आमची,
आणि दरीकडची अख्खी खिडकी फुकट.

पहिल्या रात्री हे दचकून उठून बसले.
म्हणाले, बंद पडले काय गं माग?
मी म्हटलं, झोपा. शेठनं सुट्टी दिलीया.

काडी पेटेना. मिठाचं पाणी झालं.
पापड डब्यातच वाकले,
धुतलेलं लुगडं चौथ्या दिवशीही ओलं,
त्याला कुबट, हिरवा वास.
कणसं भाजणारी शमशादभाभी मुजावर
दारातनं हे सगळं बघून गेली आणि परत आली.
पेटी तांदळात खुपसून ठेव, म्हणाली,
मीठ तव्यावर परतून घे,
आणि धुक्याला दार उघडंच ठेव बाई,
न्हाईतर ते कौलातनं येतंय.

रविवारी गाड्यांची रांग.
तीन दरवाजा कुठं, सज्जाकोठी कुठं,
मटण-भाकरी चांगली कुठं मिळते?
मला काय ठाऊक! आठ दिवस झालेले येऊन.
हात दाखवीन ती दिशा.
एक मुलगी, डोक्यावर मोठी टोपी,
माझ्या दोन्ही हातात कळश्या,
एक दिवसाआड येणारं पाणी त्यात.
म्हणाली, तुम्ही इथेच राहता? कायमच्या?
किती लकी आहात!
कळशी खाली न ठेवता मी म्हटलं, व्हय.
तिनं माझा फोटो काढला. मागं दरी आली असणार.

सोमवारी सगळी उतरून गेली की
रस्त्यावर कणसांची बुरकुंडं उरतात
आणि आम्ही.
भाभी, लॉजवरचा महादेव बुरुड, घोडेवाला सत्तार,
आणि सत्तारची घोडी,
जी सोमवारी कुणी न बसताही
तळ्यापर्यंत जाऊन येते एकटी.

पोराचा फोन येतो रात्रपाळीतनं.
काय म्हणतोस, ऐकू येईना, मी ओरडते.
तोही तिकडनं ओरडतो. मग पैशाचं, नातीच्या दाताचं,
बिमाच्या सुताचा भाव चढला त्याचं.
बोलणं संपतं. हे म्हणतात, ठेवू नको रे लगेच.
असाच धर जरा.
आणि फोन कानाला लावून डोळे मिटतात.
मी कंदील बारीक करते.
बारा मागांची खडखड त्या एवढ्याशा भोकातनं
अंथरुणावर सांडत राहते.

एकदा मालक आले, बायकापोरांसकट.
दोन दिवस म्हणाले, काय हवा! काय हवा!
तिसऱ्या दिवशी पोरं कंटाळली.
चादरी धुवायला टाकून, कुलपं लावून गेले.
त्या चादरी वाळायला सहा दिवस लागले.

खोकला अजून पुरता गेला नाही ह्यांचा.
कमी आहे, डॉक्टर म्हणतो, आणखी वर्षभर राहा.
राहू. पोरगं विचारतं तेव्हा सांगते, बरे आहेत.

पण एक सांगते, कुणाला बोलू नका.
पहाटे हे दुधाला जातात.
बाहेर एवढं धुकं की दारातली तुळस दिसत नाही.
मी उंबऱ्यात बसून कान देते.
पहिला खोकला अंबरखान्यापाशी,
दुसरा भाभीच्या हातगाडीजवळ.
तिसरा ऐकला की उठते,
चहाचं आधण ठेवते.