‘की’साठी एक चौकोन

मिरजेच्या बाईंनी दिलेल्या पाटीत
अठ्ठेचाळीस चौकोन होते.
पाणी. भात. शी. आई. दुखतंय. धन्यवाद.
माझा भाऊ शीतल, वय एकोणतीस,
गल्लीत त्याच्याइतक्या मॅची कुणी बघितल्या नसतील,
आणि त्याच्या हातात आम्ही ठेवलं:
धन्यवाद.

दोन वर्षं ती पाटी फ्रिजवर होती,
लाईट बिलाखाली.
पाहुणे आले की काढायचो.
‘दाव बघू काकांना, पाणी कुठाय?’
तो पाण्यावर बोट ठेवायचा.
तहान नसताना.
काका टाळ्या वाजवायचे.

मग टॅब्लेट आला.
‘मला पाणी हवे आहे,’ तो म्हणाला,
तसे आण्णा उठून दाराशी गेले,
त्यांना वाटलं बँकेतनं कोण आलंय.

हवे आहे, असं आमच्या घरात
आजवर कुणी बोललेलं नाही.
आम्ही म्हणतो, पाणी दे की.
चल की. बस की. असू दे की.
जेव की, म्हणताना आई रागावलेली असते
आणि ताट वाढून झालेलं असतं.

म्हणून चुलतभावाला बसवलं, सन्मतीला,
शीतलच्याच वयाचा, उसाच्या ट्रॅक्टरवर असतो.
म्हटलं, नुसतं ‘की’ म्हण. फोनवर घेते.
सतरा वेळा म्हणाला.
एकटं ‘की’ दर वेळी प्रश्नासारखं यायचं.
शेवटी वैतागून ‘सोड की!’ ओरडला
आणि त्यातलं ‘की’ मी कापून घेतलं.
त्याच रात्री भरले नको, गप, जा तिकडं,
आणि दोन शब्द
जे आईला अजून सापडलेले नाहीत.

आण्णा तीस वर्षं यार्डात हळदीचे तोलार.
सांगायचे, पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा,
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर पंचा.
बोट दाबलं की आकडा.
‘लाखाचा माल जायचा, तोंडं बंद.’
हे मला शंभरदा सांगितलं त्यांनी.
शीतल शेजारीच बसलेला असायचा.

परवा त्यांनी आपणहून
त्याच्या मुठीवर पंचा टाकला
आणि हात आत घातला.
बराच वेळ पंचा नुसता हलत होता.
मी म्हणायला गेले, त्याला काय म्हणायचंय माहितेय का...
आण्णांनी मान न वळवता सांगितलं,
‘घाई करणाऱ्याचा सौदा बुडतो.’

ते मला अजून नीट जमत नाही.
त्याचं बोट निघतं, थरथरतं,
शेजारच्या चौकोनात पडतं, मागं येतं.
कधी अकरा सेकंद,
कधी कुकरची आख्खी शिट्टी होऊन जाते.
त्याचा शब्द माझ्या तोंडात आधीच तयार असतो.
दाताखाली धरते.
बऱ्याचदा तो चुकीचा निघतो.

भडंगवाल्यानं मला विचारलं,
‘ह्यास्नी तिखट चालतंय का?’
मी काट्याकडं बघत राहिले.
डब्यांकडं. पंख्याकडं.
मागं दोघं तिघं खोळंबलेले.
शेवटी त्याला खालीच बघावं लागलं, खुर्चीकडं.
‘तिखट. दे.’ बाईचा शुद्ध आवाज.
आणि वर सन्मती, ट्रॅक्टरवरनं ओरडल्यासारखा:
‘की!’
भडंगवाला दचकला.
मूठभर जास्तच घातलं त्यानं, तिखट.
रात्री शीतलनं आणि मी दोघांनी भोगलं.

येताना आयर्विन पुलावर बॅटरी गेली.
पिशवीतनं जुनी पाटी काढली.
आता तिच्यात धन्यवादवर चिकटपट्टी आहे
आणि चिकटपट्टीवर, बॉलपेननं, की.
खुर्ची ढकलत होते. त्यानं पाटीवर हात आपटला.
थांब.
मग बोट फिरत फिरत खाली आलं.
की.

थांबले.
खाली कृष्णेत कुणीतरी म्हैस धूत होतं,
काठावर एक पोरगं तिच्या शेपटीला हात लावून पळत होतं.
शीतल नेमकं काय बघत होता
ते मी विचारलं नाही.
मागनं एक मोटारसायकल हॉर्न मारत राहिली,
मी खुर्चीचा ब्रेक लावला.