दोन कर्ण

पेट्या आल्या तेव्हा ह्यांनी नारळ फोडला
आणि पाणी नेमकं पुस्तिकेवर उडालं.
पानं सात ते अकरा चिकटली ती चिकटलीच.
पुढं तीन वर्षं आमचं जे जे अडलं
त्याचं उत्तर त्या पानांत होतं
असं मी म्हणते. हे म्हणत नाहीत.

वडगावात घर, मागे बापाची शेड.
माग विकले, मागांचे खड्डे मुरूम टाकून बुजवले,
त्यावर निंगाप्पानं चौकट उभी केली
चौकोनी नळ्यांची.
उद्यमबागेतली दुसरी पाळी संपवून यायचा,
डोळे आधीच लाल.
"आक्कैती," म्हणायचा, होतंय की.
होईना तेव्हाही तेच.

चौकट झाली त्या रात्री मी दोरा घेतला.
कोपऱ्यातून कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत.
बाप माग बसवताना तेवढंच बघायचा:
बाजू गोड बोलतात, कर्ण खरं सांगतो.
एक कर्ण दुसऱ्याहून बोटभर मोठा निघाला.
हे म्हणाले, दोरा सैल आहे.
ताणला.
हे म्हणाले, जमीन उतरती आहे.
तांब्याभर पाणी ओतलं, ते जागीच बसून राहिलं.
मग कुणी काही म्हणालं नाही.
पाच महिन्यांचं काम एका रविवारी चार ठिकाणी कापलं.
वाळत घातलेल्या माझ्या परकराला ठिणग्यांची तीन भोकं;
रफू केलं नाही. राहू दे म्हटलं, पावती म्हणून.

इंजिन जुन्या आठशेचं, निपाणीच्या भंगारातून,
तंबाखूच्या पोत्यांना टेकून आलं.
महिनाभर शेडीत सगळे शिंकत होतो.
संकष्टीच्या रात्री ते अकरा सेकंद चाललं.
अकरा. धाकटीनं मोजले.
आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत नाही.

बॉनेटचं रेझिन ह्यांनी जुलैत लावलं.
बेळगावच्या जुलैत पापडसुद्धा कुणी लाटत नाही,
मी सांगितलं होतं.
दसऱ्यापर्यंत चिकट. त्यात एक पाखरू बसलं,
शेजारच्या कोंबडीचं पीस, ह्यांचा अंगठा.
पीस निघालं, अंगठा घासून काढला.
पाखरू अजून आहे लाल रंगाखाली,
बोट फिरवलं की लागतं.

वायरिंगचं सांगत नाही.
उजवीकडचा दिवा लावला की भोंगा वाजायचा, एवढंच.

सीटा मी शिवल्या. त्या एकदाच शिवल्या.

आरटीओत कन्नड अर्ज धाकटीनं वाचून दाखवला.
"कंपनी?" साहेबानं विचारलं.
ह्यांनी स्वतःकडं बोट केलं, मग माझ्याकडं,
मग खिडकीतून बाहेर, जिथं निंगाप्पा
बशीतून चहा पीत उभा होता.
साहेब हसला. वाईट नाही हसला.
रकाना रिकामा राहिला, फाइल आत गेली.
आत गेल्याला चौदा महिने झाले.

तोवर गाडी अंगणात चालते.
शेडीपासून हौदापर्यंत, आणि उलटी परत.
परवा परतताना, शेडीत शिरता शिरता,
मागचं डावं चाक भसकन खाली गेलं,
बापाच्या खड्ड्यात,
जिथं पाय सोडून तो चाळीस वर्षं बसला.
"कर्णन गाली!" निंगाप्पा म्हणाला, कर्णाचं चाक,
आणि शेजारच्या सीटवर हसत सुटला.
हे हसले नाहीत, उतरलेही नाहीत.
स्टिअरिंग धरून समोर हौदाकडं बघत बसले.

मी दोरा आणला.
गाडी कलंडलेली, चाक पोटरीभर आत,
वाकून, सरपटून, दोन्ही कर्ण मोजले.
पुन्हा मोजले.
"किती?" ह्यांनी मान न वळवता विचारलं.
सारखे, म्हटलं.
आणि फावडं कुठं ठेवलंय ते विचारलं.