अकरा मिनिटे जास्त

शनिवारी दुपारची गाडी, निपाणी ते बेळगाव.
डबा संकेश्वरला उघडायचा,
हत्तरगीच्या नाक्याआधी संपवायचा,
मग वंटमुरीच्या घाटात
गुडघ्यावर पाठाचा आराखडा:
हेतू. प्रस्तावना. गोष्ट. लागूकरण.
चौथ्या शब्दाशी माझी जीभ अजून अडखळते.

कॅम्पातल्या चर्चमागची खोली, पंखा एक, शिकणारे अकरा.
खानापूरच्या दोघी बहिणी, एकाच मापाच्या चपला,
रोज बदलून जाणाऱ्या.
टपाल खात्यातून निवृत्त झालेले शांतवनमामा,
त्यांना प्रत्येक वचनाचा पत्ता पाठ.
अमोलिकबाई फळ्यावर लिहितात:
गोष्ट सांगण्याआधी मुलांची नावं माहीत असावीत.
मी उतरून घेते.
दिवसाला आठशे विड्या वळणाऱ्या बोटांना
ओळ सरळ ठेवणं जमतं.

रात्री पानं कातरायच्या कात्रीनंच
पांढऱ्या फ्लॅनेलची मेंढरं कापली.
दहा झाली, कापड संपलं.
हुंगून बघितलं,
सगळ्या कळपाला तंबाखूचा वास.

आणि रविवारी परीक्षेचा पाठ.
अमोलिकबाई मागच्या बाकावर, मांडीवर वही.
सतरा पोरं. निम्मी शाळेत कन्नड शिकणारी,
मी मेंढरू म्हणते, ती आपसात कुरी म्हणतात.
अब्नेरनं मोजून टाकलं:
"टीचर, ह्या धाच हैत की, शंभर कुठं हैत?"
बाकीची डोंगराआड आहेत म्हणाले.
प्रस्तावना झाली. गोष्ट झाली.
शंभरातलं एक हरवलं, धनगर शोधायला निघाला,
सापडलं, खांद्यावर घेतलं,
आणि आता लागूकरण,

तर दारापाशी बसलेला बिराप्पा उठला.
आमच्या मंडळीतला नव्हे तो.
तंबाखू काढलेल्या रानात त्यांची मेंढरं बसलेली,
चित्रं बघायला म्हणून आत आला होता.
"हुडकाय गेला खरं,
मागच्या नव्याण्णवाला कोण बगतंय?"

आराखड्यात ह्याला रकाना नव्हता.
मी अमोलिकबाईंकडं पाहिलं.
त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दाम.
घसा कोरडा. मग तोंडातून आपसूक निघालं,
"तुमच्यात कोण बघतं?"

"वाघरात घालतोय. कुत्री ऱ्हातंय.
आणि आई ऱ्हाती, बॅटरी घेऊन, रातभर."
जरा थांबला.
"तुमच्या गोष्टीत आई न्हाई."

कुणी हसलं नाही.
तो फळ्याशी आला,
मी टाचणीच्या अंतरानं, रांगेत लावलेली मेंढरं
त्यानं एकेक उपटली.
"अशी लांब लांब उभी ऱ्हात न्हाईत ती.
ऊन लागलं की डोकी
एकमेकांच्या पोटाखाली घालतेत."
आणि तशी लावली,
दहांचा एकच पांढरा गोळा,
मधून कुठंकुठं पाय.
पोरं बाकं सोडून पुढं आली.
घंटा झाली ती कुणाला ऐकू गेली, ठाऊक नाही.

अमोलिकबाईंचा शेरा, हिरव्या शाईत:
वेळ, अकरा मिनिटे जास्त.
लागूकरण, राहिले.
आवाज, सुरुवातीला बारीक.
आणि खाली, शेरा संपल्यावर, पेन्सिलीनं:
शेवटच्या मुलाचं नाव काय होतं?

घरी येऊन जुन्या चोळीचं तपकिरी कापड काढलं.
एक बाई कापली.
बॅटरी काही नीट जमली नाही,
हातात लाटणं धरल्यासारखं दिसतं.
शांतवनमामा म्हणाले, असली कुठं लिहिलेली नाही.
बरं म्हटलं, आणि डब्यात ठेवली, मेंढरांच्यात.

पुढल्या रविवारी दारापाशी कुणी नव्हतं.
रान मोकळं, लेंड्या तेवढ्या राहिलेल्या.
कळप चिकोडीच्या अंगाला सरकला म्हणे.
हजेरीच्या वहीत अठरावी ओळ आखली,
लिहिलं: बिराप्पा.
पुढच्या चौकटीत
हजर मांडलं नाही,
गैरहजरही नाही.