वजनदार पट्ट्या

विश्रामबागच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"काका, ह्याच्या पट्ट्यांना वजन दिलंय, अगदी खऱ्यासारखं."
मी एकवीस वर्षं मार्केट यार्डात हळदीचा तोलार.
खऱ्यासारखं वजन म्हणजे काय,
ते मला कुणी सांगू नये.

तरी बोट ठेवलं.
डावीकडे जड, उजवीकडे हलकं होत जातं,
आत कुठंतरी लहानशी हातोडी उठते आणि बसते,
कशावरही न आपटता.
म्हणजे पोतं शिवलेलं, काटा सरळ,
आणि आत हळदच नाही.
असं मनात आलं. बोललो नाही,
कारण श्रावस्ती वाजवत होती
आणि तिनं एकदाही मान वर केली नव्हती.

अठ्ठावन्न हजार, बारा हप्ते.
साडेअकरा किलो. पोरानं काखेत धरून दाखवला.

दुसरा मिरजेत, दोरकासबाईंच्या पुढच्या खोलीत.
"पैसे नकोत," बाई म्हणाल्या,
"सहा जण आण. आणि हमाल आण हं, पाहुणे नकोत."
मी नजरेनंच सांगितलं, दोन क्विंटल तीस.
त्यातला मधला एक सूर श्रावणात मुका होतो,
दिवाळीनंतर आपला आपण बोलायला लागतो.
सूर लावायला लोबो येतात पुण्याहून,
त्यांचं गाडीभाडं वेगळं, मटण वेगळं.
बाईंनी एक पट्टी दाबली, दाबूनच ठेवली.
"ऐका. संपेपर्यंत ऐका."
आम्ही ऐकत राहिलो.
मधे रिक्षा गेली, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली,
आणि सूर कधी संपला
ते आम्हा तिघांनाही वेगवेगळं वाटलं.

आमचं घर दत्तनगरात, तळमजला.
भिंतीवर माझ्या छातीइतकी रेघ आहे,
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
आयर्विनजवळ पाण्याचे फूट वाढायला लागले
की उज्ज्वला बोटं मोडत यादी म्हणते:
कागदपत्रं, सिलिंडर, शिलाई मशीन, गाद्या.
साडेअकरा किलो ती एकटी जिन्यानं वर नेईल.
"आणि तो दुसरा? त्याला पोहता येतं का
विचारा की तुमच्या बाईंना."

शिवाय वरच्या मजल्यावर बारावीचा मुलगा.
शिवाय भिंती एकच विटेच्या.
"ह्याला हेडफोन लागतो," श्रावस्ती म्हणाली,
"रात्री वाजवलं तरी कुणाला ऐकू जाणार नाही."
"आम्हालासुद्धा?"
कुणी उत्तर दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

हप्त्यावरचा घेतला.

आता रात्री दिवा मालवून पडलो
की पलीकडून नुसतं लाकूड ऐकू येतं.
टक. टक टक. टक.
गाणं तिच्या कानात, माझ्याकडे फक्त वजन.
कुठं हात जड पडला, कुठं उचलला,
कुठं रोज एकाच जागी अडखळते,
मला पाठ झालंय.
चाल मात्र माहीत नाही.

शनिवारी ती मिरजेची एसटी धरते.
परत येते तेव्हा करंगळी चोळत असते.
म्हणते, "पप्पा, आपल्यातला सूर लवकर संपतो."
मी म्हणतो, "कडता कापला म्हणायचं."
हसते. पण खरंच कापलाय,
किती, ते माझ्या काट्यावर येत नाही.

परवा यार्डातून आलो, घरात कुणी नव्हतं.
हात न धुताच बंद पियानोची एक पट्टी दाबली.
वीज नव्हती तरी बोटाखाली वजन होतं.
दाबून धरली. संपायला काही सुरूच झालं नव्हतं.
बोट उचललं तर पांढऱ्यावर हळदीचा ठसा.
ओल्या फडक्यानं पुसला, साबणानं पुसला,
जरासा राहिलाच.

दोरकासबाईंच्या पट्ट्या सगळ्याच पिवळ्या आहेत.
त्यांना साठ वर्षं लागली.