पाऊण इंची पाना

त्या वर्षी चीनमध्ये लढाई लागायची होती,
अजून लागली नव्हती.

साखर पेठेत, पाळी सुटल्यावर,
मी पेपर वाचायचो, मल्लेशम येमूल ऐकायचे.
त्यांना अक्षरं यायची ती फक्त यंत्रांवरची,
ओतीव लोखंडातली, बोटांनी चाचपून.

"चीननं रणगाडे विकत घेतले,
काही विलायतेचे, काही इटलीचे, काही जर्मन."
बातमी चार ओळींची. कौतुकाची.
"आटे कुठले?" त्यांनी विचारलं.
"कसले आटे?"
"बोल्टचे रे. इंची का मिलिमीटर?"
पेपरात ते नव्हतं.
"फिटर सोबत उतरला, का त्याच बोटीनं परत गेला?"
तेही नव्हतं.
"आणि तिकडचे पूल? बैलगाडीचेच असतील ना?"

आमच्या खात्यात माग ब्लॅकबर्नचे,
आणि मालकानं लिलावात मारलेलं एक जर्मन इंजिन.
त्याच्या नटाला आमचा पाऊण इंची पाना बसायचा
आणि सटकायचा.
"बसतच नाही तो पाना बरा,"
मल्लेशम सोललेली बोटं तोंडात धरून म्हणायचे,
"बसल्यासारखा वाटतो, तो माणूस मारतो."
इंजिनाचं पुस्तक होतं, जाडजूड, चित्रांचं.
त्यात मे महिना नव्हता.
सोलापूरच्या उन्हात पट्टा किती सैल पडतो
हे त्या थंड गावात कुणाला सुचावं?

त्यांनी मला कार्ड लिहायला लावलं:
चीन सरकार, मुक्काम नानकिंग.
रामराम. सुटा भाग एक लागला तर दोन मागवा.
पहिला समुद्रात असतो तेव्हा दुसरा मोडतो.
तीन देशांचं सामान एका पेटीत ठेवू नका.
आपला, येमूल फिटर.
पोस्टमास्तर हसला. शिक्का मात्र मारला.

पुढच्या पावसाळ्यानंतर शांघायच्या बातम्या रोज येऊ लागल्या.
विमानं, आगी, पळणारी माणसं.
"रणगाडे?"
मी पान उलटलं, पुन्हा उलटलं.
"नाही लिहिलं."
ते काही बोलले नाहीत.
शेंगाचटणीची पुरचुंडी उघडली, तशीच बांधली.

तो पाना आता माझ्याकडे आहे.
जबड्यात आतून चिकटवलेली पत्र्याची चकती,
चहाच्या डब्यातून कापलेली,
अठरा मिलिमीटरच्या नटासाठी.
कार्ड गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी ती बसवली होती.
चकतीवर डब्याचं अर्धं अक्षर अजून दिसतं.
कुठल्या लिपीचं, कळत नाही.